छिन्नमनस्कता आणि मातेवरील ठपका

एखाद्या रोगाच्या कारणाविषयीची उपपत्ती चुकीची ठरली, तर ती सामान्यतः ग्रंथालयात धूळ खात पडते. छिन्नमनस्कतेच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियाच्या, मानसशास्त्रीय उपपत्तींपैकी एकीची गोष्ट मात्र निराळी आहे. तिने कित्येक वर्षे रुग्णांच्या कुटुंबीयांवर, विशेषतः मातांवर, रोगाचा ठपका ठेवला. ही उपपत्ती कशी उदयास आली, तिच्यात कोणता पद्धतिदोष होता आणि तिचा कोणता अंश टिकून राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एमिल क्रेपेलिन याने या विकाराचे मूळ शारीरिक मानले होते. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर याने 1908 मध्ये ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव सुचविले आणि 1911 च्या ग्रंथात त्याचे सविस्तर विवेचन केले. शारीरिक मूळ त्यालाही अमान्य नव्हते; परंतु रुग्णाचे संभ्रम व भास निरर्थक नसून त्यांना मानसिक आशय असतो, असे त्याने फ्रॉइडच्या विचारांच्या आधारे प्रतिपादन केले. 1920 नंतरच्या दशकात अमेरिकेतील मेरीलँड येथे हॅरी स्टॅक सलिव्हन यांनी हाच धागा पुढे नेला. रुग्णाशी संवाद शक्य आहे आणि त्याचा विकार माणसामाणसांतील संबंधांच्या संदर्भात समजून घ्यावयास हवा, अशी त्यांची भूमिका होती. रुग्णाला असाध्य समजून कोंडून ठेवण्याच्या त्या काळात ही दृष्टी निःसंशय उदार होती. पुढे मातांवर झालेला आरोप याच उदार दृष्टीच्या पोटी जन्मला, हे ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

जर्मनी सोडून अमेरिकेत आलेल्या मनोविश्लेषक फ्रीडा फ्रॉम-राइशमान मेरीलँडमधील चेस्टनट लॉज या रुग्णालयात काम करीत. 1948 च्या एका निबंधात त्यांनी ‘छिन्नमनस्कता उत्पन्न करणारी माता’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग केला. निबंधाचा मुख्य विषय उपचार हा होता. तो शब्द त्यात ओझरताच आला आहे. तथापि निबंध मागे पडला आणि शब्द मात्र रूढ झाला.

1956 मध्ये मानवशास्त्रज्ञ ग्रेगरी बेटसन आणि कॅलिफोर्नियातील त्यांचे सहकारी यांनी ‘दुहेरी पेचा’ची कल्पना मांडली. त्यांचे एक उदाहरण असे : रुग्णालयात भेटावयास आलेल्या आईच्या खांद्याभोवती मुलगा हात टाकतो, तिचे अंग आखडते, तो हात मागे घेतो, तर तिचा प्रश्न येतो, की तुझे माझ्यावर प्रेम उरले नाही काय? जवळ जावे तरी चूक, दूर राहावे तरी चूक, आणि या विसंगतीबद्दल बोलण्याचीही सोय नाही. अशा पेचात वाढलेल्या मुलाची संवादशक्तीच विस्कटते, असा त्यांचा तर्क होता. आपले गृहीतक संख्याशास्त्रीय कसोटीवर तपासलेले नाही, असे लेखकांनी स्वतःच नमूद केले होते. उपपत्तीचा प्रसार झाला, तेव्हा ही सावधगिरी मागे राहिली.

येल विद्यापीठातील थिओडोर लिड्झ यांनी आईवडिलांच्या बिघडलेल्या वैवाहिक संबंधांवर भर दिला. ब्रिटनमध्ये आर. डी. लेंग व ए. एस्टरसन यांनी 1964 मध्ये 11 स्त्री-रुग्णांच्या कुटुंबांचे वृत्तान्त प्रसिद्ध केले. ही वर्णने सूक्ष्म आहेत, वाचनीयही आहेत. पण त्यांत निरोगी मुलांच्या कुटुंबांशी तुलना नाही. शिवाय कुटुंबाचे निरीक्षण मूल आजारी पडल्यानंतर झाले. आईची चिंता आणि अतिदक्षता ही रोगाचे कारण की रोगाचा परिणाम, हे अशा पद्धतीने ठरविणे अशक्यच होते.

हा प्रश्न दत्तक मुलांच्या अभ्यासाने तपासला गेला. लिओनार्ड हेस्टन यांनी 1966 मध्ये ऑरेगॉन राज्यातील 47 व्यक्तींची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या माता छिन्नमनस्क होत्या. परंतु जन्मानंतर थोड्याच दिवसांत मुले त्यांच्यापासून दूर करण्यात आली होती. त्यांपैकी 5 जणांना हा विकार झाला. तुलनेसाठी घेतलेल्या 50 जणांपैकी एकालाही झाला नाही. ज्या मातेचा सहवासच लाभला नाही, तिच्या वागणुकीस दोष कसा द्यावयाचा? डेन्मार्कमधील दत्तकनोंदींवर आधारलेल्या केटी व सहकाऱ्यांच्या 1968 च्या संशोधनानेही आनुवंशिकतेकडेच बोट दाखविले.

मग कौटुंबिक वातावरणाला काहीच महत्त्व नाही काय? लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी प्रश्न बदलला. रोग कशाने झाला, असे न विचारता, घरी परतल्यावर तो कशाने उलटतो, असे त्यांनी विचारले. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 101 रुग्णांच्या पाहणीत, टीका, वैरभाव वा भावनिक अतिगुंतवणूक अधिक असलेल्या घरांतील 58 टक्के रुग्णांचा विकार नऊ महिन्यांत उलटला. इतर घरांत हे प्रमाण 16 टक्के होते. चंडीगड येथे झालेल्या व 1987 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ‘व्यक्त भावनां’चे प्रमाण लंडनच्या मानाने बरेच कमी आढळले. फिनलंडमध्ये टिएनारी व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखविले, की बिघडलेल्या कौटुंबिक वातावरणाचा परिणाम मुख्यतः आनुवंशिक धोका असलेल्या दत्तक मुलांवर होतो. म्हणजे परिस्थितीचा वाटा नाकारला गेला नाही. त्याची मर्यादा निश्चित झाली.

‘कारण’ या एकाच शब्दात दोन भिन्न प्रश्न दडलेले होते : रोग उत्पन्न का होतो आणि तो बळावतो कशाने? पहिल्या प्रश्नाला दिलेल्या घाईच्या उत्तराने आईबापांच्या वाट्याला अपराधभाव आला. दुसऱ्याच्या संयमी उत्तरातून कुटुंबाला रोगाची माहिती व आधार देणारी उपचारपद्धती निर्माण झाली आणि तिने विकार उलटण्याचे प्रमाण घटते, असे अनेक चाचण्यांत दिसून आले. 1979 मध्ये अमेरिकेतील मॅडिसन येथे रुग्णांच्या कुटुंबीयांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना स्थापन केली. आरोपी म्हणून ज्यांच्याकडे पाहिले जाई, ते आता उपचारातील सहकारी म्हणून मान्यता मागत होते. त्यांची ही मागणी नंतरच्या संशोधनाने न्याय्य ठरविली.