कुळाचा दोष की काळाचा घाव?

सोयरीक जुळविताना वडीलधारी मंडळी ज्या चौकशा करतात, त्यांतली एक नेहमी हलक्या आवाजात केली जाते : ‘घराण्यात कोणी डोक्याने अधू तर नाही ना?’ ज्या घरी असे माणूस असते, त्या घरी हा प्रश्न येण्यापूर्वीच त्याच्या उत्तराची तयारी झालेली असते. रोग्याची मागच्या खोलीत रवानगी होते, पाहुण्यांसमोर त्याचे नाव निघत नाही आणि भावंडांची लग्ने उरकेपर्यंत डॉक्टराची पायरीही चढली जात नाही. या लपवालपवीच्या मुळाशी एक समजूत आहे. वेड रक्तातून उतरते, सबब तो कुळाचा दोष होय, अशी ती समजूत. ती कितपत खरी आहे, हे धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासाच्या आधारे पाहण्याचे योजिले आहे.

हा जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. शेजारच्या ब्रिटिश मुलखात वेड्यांविषयीचे कायदे १८५८ साली झाले व १९१२ साली त्यांची जागा एका नव्या कायद्याने घेतली. रोग्यास बरे करण्यापेक्षा त्याला कोंडून समाजास निर्धास्त करावे, हाच त्या कायद्यांचा मुख्य रोख होता. निजामी राज्याचे वेड्यांचे इस्पितळ जालन्यास होते; ते १९५३ साली हैदराबादेस एर्रागड्डा येथे हलविण्यात आले. परंड्याच्या किंवा उमरग्याच्या शेतकऱ्यास जालना काय नि हैदराबाद काय, दोन्ही सारखीच दूर. तेव्हा बाहेरची बाधा, करणी, अंगात येणे अशी दुखण्याची नावे आणि नवस, अंगारा, देवर्षी असे त्याचे उपाय रूढ राहिले, यात नवल नाही. त्या लोकांस हसण्याचाही आपणांस अधिकार नाही. दुसरा उपाय त्यांच्या हाताशी ठेवलाच कोणी होता?

कायदा तरी समजुतीच्या पुढे होता काय? हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली, तीत वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या जोडीस फेफऱ्याचे झटकेही विवाहास बाध आणणारे म्हणून नमूद झाले. फेफरे हा मेंदूचा विकार असून औषधाने बहुतेक रोग्यांच्या बाबतीत आटोक्यात राहतो. तथापि तो शब्द कायद्यातून वगळला जाण्यास १९९९ साल उजाडावे लागले.

मग शास्त्र काय सांगते? काही रोग खरोखरच सरळ रक्तातून येतात. सिकलसेल व थॅलेसेमिया हे त्यांपैकी होत. आई व बाप दोघेही वाहक असतील, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो, आणि वाहक कोण हे रक्ताच्या तपासणीने आधी कळू शकते. मनाच्या विकारांचा हिशेब इतका सरळ नाही. छिन्नमनस्कतेचेच उदाहरण घेऊ. सर्वसाधारण लोकांत हा विकार सुमारे शंभरांत एकास होतो. आईबापांपैकी एकास तो असल्यास अपत्यांस होण्याचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास जाते. म्हणजे दहांपैकी नऊ मुले त्यातून सुटतात. एकाच बीजापासून झालेल्या जुळ्यांपैकी एकास तो झाला, तरी दुसरे जुळे जवळजवळ निम्म्या वेळा निरोगी राहते. बीज तेच असूनही फळ निराळे! अर्थात वारशाने येतो तो कल असतो, रोग नव्हे. आणि त्या कलास वळण देणारा हात पुष्कळदा परिस्थितीचा असतो.

परिस्थितीचा हा हात धाराशिवकरांनी १९९३ साली प्रत्यक्ष पाहिला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे उशिरा निजली होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या आणि लातूर व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत मिळून सरकारी आकड्यांप्रमाणेच आठ हजारांच्या आसपास माणसे दगावली. सास्तूर, होळी, राजेगाव ही या जिल्ह्यातील गावे उद्ध्वस्त झाली. पुढे नव्या जागी, आखीव रस्त्यांची नवी गावे उभी राहिली. परंतु ज्यांनी ढिगाऱ्यातून आपलीच मुले काढली, त्यांची झोप कोठून परत आणावयाची? दगडी घरात निजण्यास माणसे धजेनात; बारीकशा आवाजाने ती दचकून उठत.

या अवस्थेस मनोविकारशास्त्रात ‘आघातोत्तर ताण’ असे नाव आहे. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या वर्गीकरणात ते १९८० साली दाखल झाले. ‘घाशीराम कोतवाल’ नाटकातील नाना फडणवीस म्हणून सर्वांस ठाऊक असलेले डॉ. मोहन आगाशे हे पेशाने मनोविकारतज्ज्ञ. मराठवाड्यातील भूकंपाचे मनावर झालेले परिणाम अभ्यासण्याचे काम त्यांनी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेसाठी केले. पडझडीच्या पाहणीत घरांबरोबर मनेही मोजावी लागतात, ही जाणीव अशा कामातूनच रुजत गेली. आमचा प्रश्न इतकाच की, एका पहाटेत शेकडो घराण्यांचे रक्त बिघडले, असे कोण म्हणेल? तो घाव काळाचा होता आणि सर्वांस दिसत होता. म्हणून त्याची लाज कोणास वाटली नाही.

दुष्काळाचा घाव मात्र असा एका क्षणात दिसत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थोपविण्यासाठी २०१५ साली बळीराजा चेतना अभियान सुरू झाले, त्यासाठी निवडलेल्या दोन जिल्ह्यांत यवतमाळबरोबर हाच जिल्हा होता. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मान्य केले. कायद्याने एवढी मजल मारली. आपल्या ओसरीवरची कुजबूज मात्र आहे तेथेच आहे. कर्जाने वा नापिकीने खचलेला माणूस जेवत नाही, बोलत नाही, रात्र रात्र जागा असतो, आणि घरचे लोक बोभाटा नको म्हणून गप्प बसतात. त्या गप्प बसण्यात किती जीव गेले असतील, याचा हिशेब कोणत्या दप्तरात सापडणार?

सोयरीक जुळविताना चौकशी अवश्य करावी. परंतु ‘घराण्यात कोणास असे दुखणे होते काय?’ एवढ्यावर न थांबता, ‘असल्यास त्याला वेळीच औषधपाणी केले काय?’ हेही विचारावे. ज्या घराने आपल्या दुखणाईतास दडवून न ठेवता दवाखान्यात नेले, ते घर मुलगी देण्यास अधिक भरवशाचे, असे आम्हांस वाटते.