निशाणी नांगर

साल १८७५. वैशाखाचं ऊन. तुम्ही न्हावऱ्याचे कुणबी आहात. घोड आणि भीमा या दोन नद्यांमधल्या कोरड्या पट्ट्यात तुमची जिराईत जमीन आहे आणि बापापासून चालत आलेलं कर्ज आहे. अमेरिकेतल्या यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा सावकार बोलावून पैसे देत होते. ती लढाई १८६५ साली संपली, भाव कोसळले, सारा मात्र वाढला. तुम्हाला वाचता येत नाही. रोख्याच्या तळाशी कारकून तुमचं नाव लिहितो, त्यापुढे नांगराचं चित्र काढतो, तुम्ही लेखणीला बोट लावता. ‘निशाणी नांगर’. झाली तुमची सही.

गेल्या डिसेंबरात आपल्याच शिरूर तालुक्यातल्या करड्यात ठिणगी पडली. काळूराम सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा आणला, तेव्हा गावाने सावकारांवर बहिष्कार टाकला. न्हावी हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना. १२ मे रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकानं फोडली, वह्या आणि रोखे रस्त्यावर आणून पेटवले. मग हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत गावोगाव पसरलं. बहुतेक ठिकाणी लोकांना हवे होते ते कागद. ते निमूट दिले तर सावकाराच्या अंगाला सहसा हात लागला नाही.

आणि एका पहाटे शिपाई तुमच्या दारात उभे राहतात.

का, ते कुणी सांगत नाही. तुम्हाला चावडीवर बसवतात. बायको दूर कोपऱ्यात पदर तोंडाला लावून उभी. कुणीतरी भराभर काही लिहितो आणि कागद पुढे सरकवतो. त्याच्या तळाशी पुन्हा नांगर. या कागदात काय आहे, हे विचारायची तुमची छाती होत नाही. ज्या कागदांपायी तुम्ही उठलात, तसलाच आणखी एक कागद आता तुमच्यावर चढला आहे. पाच किंवा अधिक माणसांनी मिळून लूट केली की तो दरोडा, आणि दरोड्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते. याचाही तुम्हाला पत्ता नाही.

माझा जीव तुटतो तो इथे. कारण कायदा तेव्हाही होता! पोलिसांनी चोवीस तासांपेक्षा जास्त डांबू नये, हा नियम १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासूनचा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात छापलेलं होतं. वकिलामार्फत बचाव करायचा हक्कही त्याच साली झालेल्या नव्या संहितेत होता. पण तो छापील कायदा चावडीपर्यंत कुणी आणला नाही. त्या दंग्यात ९५१ जणांना अटक झाली आणि अनेकांना शिक्षा झाल्या. रयतेच्या कर्जासाठी कायदा झाला तो १८७९ साली.

त्याच १८७९ सालात या. फेब्रुवारीत बंडखोर वासुदेव बळवंत फडक्यांनी पहिला दरोडा घातला तो आपल्या शिरूर तालुक्यातल्या धामारीवर. जुलैत ते पकडले गेले. आता पुण्याच्या सत्र न्यायालयात खटला उभा आहे आणि तुम्ही गर्दीत आहात. बंडखोराच्या जवळ जाणारा प्रत्येक जण सरकारच्या डोळ्यावर येतोय. अशा हवेत एक वकील आरोपीच्या बाजूने उभा राहतो: गणेश वासुदेव जोशी, सार्वजनिक सभेचे सार्वजनिक काका. फडक्यांचा मार्ग त्यांचा नव्हता. त्यांचा मार्ग अर्जांचा, सभांचा, स्वदेशी खादीचा. तरीही ते उभे राहिले. आरोपी कोणीही असो, त्याच्या बाजूने बोलणारा माणूस कोर्टात असलाच पाहिजे, ही गोष्ट महाराष्ट्राला ज्यांनी कृतीने शिकवली, त्यांत काकांचं नाव मी फार वर घेतो.

या खटल्यात फडक्यांवर सर्वांत जड पडलं ते त्यांचंच लिखाण. पोलिसांच्या हाती लागलेली रोजनिशी आणि आत्मचरित्र न्यायालयात पुरावा म्हणून आलं. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, त्यांना एडनला नेलं, तिथेच १८८३ साली ते गेले.

आता आजच्या न्हावऱ्यात उतरा. घोडगंगा कारखान्याचं गाव, चौफुल्याकडे जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. बांधावरून भावकीत भांडण झालं, कुणाचं तरी डोकं फुटलं, आणि शिरूर पोलीस ठाण्याची गाडी तुमच्या वस्तीवर आली. माणसं तीच, घाबरणंही तेच. फक्त यावेळी तुम्हाला वाचता येतं.

म्हणून पहिलं काम: अटकेची कारणं लेखी मागा. हे तुम्ही हुज्जत घालताय असं नाही. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणताही गुन्हा असो, कारणं लेखी द्यावी लागतील, तीही अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत. तिथल्या तिथे लेखी देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगावं, पण दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाही पडला तर अटक बेकायदा ठरू शकते. १८७५ च्या त्या चावडीवर हा कागद मागायची कुणाची हिंमत झाली नसती.

घरच्या एका माणसाला कळवायला सांगा. वैद्यकीय तपासणीत अंगावरचे सगळे वळ, जखमा डॉक्टरांना दाखवा, त्या नोंदवून घ्या. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर तर तो देणाऱ्याची सही घेऊच नये, असं कायदाच सांगतो. नाव-पत्ता खरा द्या; स्वतःला अडकवणारं उत्तर द्यायची सक्ती घटनेच्या कलम २० ने कुणावर ठेवलेली नाही. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, मात्र तो पूर्ण वेळ शेजारी बसेल असं नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर भावकीच्या ग्रुपमध्ये ‘कसा हाणला’ लिहिण्याआधी फडक्यांची रोजनिशी आठवा.

प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत तुम्हाला दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावंच लागतं. तिथे मान खाली घालून गप्प राहू नका. मारहाण झाली असेल तर तिथेच सांगा. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्कच आहे. अजामीनपात्र असेल तर अर्ज करावा लागतो, आणि त्यासाठी जामीनदार, त्याचा सातबारा, ऐपतीचा दाखला अशी तयारी घरच्यांनी त्याच दिवशी सुरू करावी. पोलीस कोठडी की न्यायालयीन, यावर वकिलाने बोललंच पाहिजे. तपास लांबला आणि गुन्ह्याच्या शिक्षेनुसार ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन मागण्याचा हक्क आपोआप उभा राहतो. पण अर्ज वेळेवर करायचा असतो, दोषारोपपत्र येऊन गेल्यावर नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात तर सरसकट अटक न करता आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावलं आहे.

आणि वकिलाला पैसे नसले तर? २९ ऑगस्ट २०१२ रोजी अजमल कसाबचं अपील फेटाळताना, त्याची फाशी कायम करताना, त्याच सर्वोच्च न्यायालयाने लिहिलं की आरोपीला पहिल्यांदा समोर आणल्याबरोबर, वकिलाचा आणि तो परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा तुझा हक्क आहे, हे सांगणं दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे. जो हक्क कसाबला नाकारला गेला नाही, तो बांधाच्या भांडणात अडकलेल्या न्हावऱ्याच्या शेतकऱ्याने लाजून सोडू नये. कोठडीतल्या माणसाला ही मदत उत्पन्नाचा दाखला न पाहता मिळते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांनाही. शिरूरच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्या, किंवा फोन करा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० आहे. तो आजच घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये भरून ठेवा.