बाप विधुरच का?

अमेरिकेत एबीसी वाहिनीवर १९६९ साली ‘द कोर्टशिप ऑफ एडीज फादर’ सुरू झाली. नुकतीच बायको गेलेला टॉम आणि त्याचा लहानगा एडी. मालिका गोड आहे (बिल बिक्सबी तर मस्तच!), पण संशोधकाने विचारावं: आई वारलेलीच का, घटस्फोट का नाही?

१९७० मध्ये मेरी टायलर मूरची नायिका लेखकांना घटस्फोटित हवी होती. सीबीएसने नाही म्हटलं, मग तिचं ठरलेलं लग्न मोडलं असं दाखवलं. गंमत म्हणजे त्याच वर्षी कॅलिफोर्नियात जोडीदाराचा दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला होता. म्हणजे मालिकेतून तेव्हाची कुटुंबं दिसत नाहीत, वाहिनी कशाला घाबरत होती ते दिसतं.

सीबीएसवरच १९७५ मध्ये ‘वन डे ॲट अ टाइम’ची नायिका घटस्फोटित आई होती. मधल्या पाच वर्षांवर एक अख्खा प्रबंध होईल.