फिफ्थ व्हील जोडणी

फिफ्थ व्हील जोडणी ही ट्रेलरचा पुढचा भाग ओढणाऱ्या वाहनाच्या मागील आसावर टेकवून ट्रेलर त्या वाहनाला जोडण्याची यंत्ररचना होय. कंटेनर वाहून नेणाऱ्या अवजड वाहनांत ती जगभर वापरली जाते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा या देशांत मात्र तिचा आणखी एक उपयोग रूढ आहे. स्वयंपाकघर, झोपण्याची खोली, न्हाणीघर अशा सोयी असलेला मोठा निवासी ट्रेलर खासगी पिकअप ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या या जोडणीने ओढला जातो. अशा ट्रेलरलाही तेथे 'फिफ्थ व्हील' असेच म्हणतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः या निवासी ट्रेलरसाठी जोडणीची निवड कशी केली जाते, याचा विचार केला आहे.

नावाचा उगम

'फिफ्थ व्हील' म्हणजे पाचवे चाक. हे चाक रस्त्यावर चालत नाही. चार चाकांच्या घोडागाडीत पुढचा आस वळता यावा म्हणून तो आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक आडवे लोखंडी कडे बसवलेले असे. आकाराने ते चाकासारखे दिसे, म्हणून ते पाचवे चाक. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचे पुढचे चाकजोड याच तत्त्वावर वळत असे. दुचाकी टांग्याला त्याची गरज नव्हती.

१९१४ मध्ये डेट्रॉइट येथील लोहार व गाडीकार ऑगस्ट फ्रूहॉफ याने एका लाकूड व्यापाऱ्याची नौका मोटारीने ओढून नेण्यासाठी ट्रेलर तयार केला. अर्ध-ट्रेलरच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः येथून मानतात. विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस याने १९२० च्या दशकाच्या अखेरीस 'एरोकार' नावाचा निवासी ट्रेलर काढला. त्याच्या जोडणीत धक्के शोषून घेण्यासाठी विमानाचे हवा भरलेले चाक आडवे बसवले होते. तेवढ्यापुरते नाव शब्दशः खरे झाले होते, असे म्हणता येईल.

रचना आणि तत्त्व

ट्रेलरच्या पुढच्या भागाखाली 'किंगपिन' ही पोलादी खुंटी असते. निवासी ट्रेलरमध्ये तिचा व्यास २ इंच (सुमारे ५१ मिमी) असतो. ट्रकच्या हौद्यातील जोडणीच्या माथ्याला मागून उघडी खाच असते. ट्रक मागे घेताना खुंटी या खाचेत शिरते आणि पोलादी जबडे तिला पकडतात. ट्रेलरचे पुढचे वजन माथ्याच्या सपाट पृष्ठभागावर टेकते व वळताना त्याच पृष्ठभागावर घासत फिरते. म्हणून तेथे ग्रीस किंवा घर्षण कमी करणारी प्लास्टिकची चकती वापरतात.

मोटारीच्या मागे गोळ्यावर जोडल्या जाणाऱ्या साध्या ट्रेलरचा भार मागील आसाच्याही मागे पडतो. उसाच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला खिळीने जोडलेल्या असतात, तेथेही जोड आसाच्या मागेच असतो. अशा जोडणीत भार तरफेप्रमाणे वाहनाचा मागचा भाग खाली दाबतो व पुढचा उचलतो. वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून जाणाऱ्या अवजड वाहनामुळे ट्रेलर डोलू लागला, तर तोच तरफेचा परिणाम वाहनाला आडवे ढकलतो. फिफ्थ व्हील जोडणीचे केंद्र मागील आसाच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे असल्याने हे दोन्ही दोष फार कमी होतात. याची किंमत अर्थातच मोजावी लागते. साध्या ट्रेलरचा साधारण १० ते १५ टक्के भार वाहनावर येतो, तर फिफ्थ व्हील ट्रेलरचा १५ ते २५ टक्के.

वजनाचा हिशेब

निवडीचा खरा प्रश्न येथेच आहे. ग्राहक बहुधा जोडणीवर लिहिलेली क्षमता पाहतात. ती ट्रेलरच्या वजनापेक्षा अधिक असली की निर्धास्त होतात. जोडणीची क्षमता पुरेशी असलीच पाहिजे, पण सहसा प्रथम संपते ती ट्रकची भारक्षमता. ट्रक किती वजन ओढू शकतो आणि किती वजन पाठीवर घेऊ शकतो, या दोन वेगळ्या मर्यादा आहेत. जाहिरातीत पहिलीच ठळक छापलेली असते. दुसरी चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर त्या विशिष्ट ट्रकपुरती नोंदवलेली असते, आणि हिशेबात तीच धरावी लागते.

उदाहरणार्थ, पूर्ण भरलेल्या अवस्थेत ६,००० किलो वजनाचा ट्रेलर घेतला, तर २० टक्क्यांप्रमाणे खुंटीवरील भार १,२०० किलो होतो. जोडणीचे स्वतःचे वजन ८० किलो, चार माणसांचे ३०० किलो आणि ट्रकमधील अवजारे व सामान १२० किलो धरले, तर एकूण १,७०० किलो होतात. 'अर्धा टन' वर्गातील पिकअपची भारक्षमता याच्या जवळपासही पोहोचत नाही. 'पाऊण टन' वर्गातील डिझेल ट्रकही बहुधा अपुरा पडतो, कारण जड इंजिनाने मर्यादेतील बराच वाटा आधीच घेतलेला असतो. असा ट्रेलर 'एक टन' वर्गातील ट्रकचे काम आहे. ट्रेलर याहून मोठा असल्यास मागे दुहेरी चाके असलेला ट्रक लागतो. अर्धा, पाऊण आणि एक टन ही नावे जुन्या काळातील असून आजच्या ट्रकची प्रत्यक्ष क्षमता त्यांवरून कळत नाही.

ट्रेलरच्या माहितीपत्रकातील खुंटीवरील भार रिकाम्या ट्रेलरचा असतो. सामान ठेवण्याचा मोठा कप्पा, गॅसच्या टाक्या आणि बॅटऱ्या बहुतेक ट्रेलरमध्ये पुढच्या बाजूस असतात; म्हणून सामान भरले की खुंटीवरील भार लक्षणीय वाढतो. पाण्याची २०० लिटरची टाकी भरली की ट्रेलरचे वजन २०० किलोंनी वाढते. खात्रीचा उपाय एकच: ट्रेलर प्रवासाला निघतो तसा भरून, ट्रकला जोडून, महामार्गावरील वजनकाट्यावर प्रत्येक आसाचे वजन स्वतंत्रपणे करून घेणे. मागील आस व टायर यांच्या मर्यादा ओलांडल्या जात असल्याचे अनेकांना तेथेच प्रथम समजते. टायरची मर्यादा ओलांडलेली असेल, तर उन्हाळ्यातील लांबच्या प्रवासात टायर तापून फुटण्याचा धोका असतो. ट्रकच्या मागील आसावर दाबरोधक हवेच्या पिशव्या बसवल्याने ट्रक समपातळीत दिसतो, परंतु त्याची नोंदलेली भारक्षमता वाढत नाही.

हौद्याची लांबी आणि वळण

जोडणीचा प्रकार मुख्यतः हौद्याच्या लांबीवरून ठरतो. यामागील भूमिती सोपी आहे. तेथील ट्रेलरची कमाल रुंदी १०२ इंच, म्हणजे सुमारे २.६ मीटर असते. ट्रेलर ट्रकशी काटकोनात वळला की त्याची एक बाजू खुंटीच्या पुढे अर्ध्या रुंदीइतकी, म्हणजे १.३ मीटर येते. ८ फूट लांबीच्या हौद्यात आसापासून केबिनपर्यंत साधारण तेवढे किंवा थोडे अधिक अंतर मिळते, त्यामुळे स्थिर जोडणी चालते. सुमारे साडेसहा फुटांच्या हौद्यात हे अंतर १ मीटरच्या आसपासच असते. परिणामी, तळावर ट्रेलर मागे घेत असताना त्याचा कोपरा केबिनच्या मागील काचेवर आदळू शकतो.

यावर सरकत्या जोडणीचा उपाय आहे. हाताने सरकवायच्या प्रकारात चालक थांबतो, ट्रेलरचे ब्रेक लावतो, दांडा सोडून ट्रक पुढे घेतो आणि माथा सुमारे २५ ते ३५ सेंमी मागे सरकतो. स्वयंचलित प्रकारात वळताना माथा आपोआप मागे जातो. तो महाग व जड असतो आणि त्याचे वजनही वर सांगितलेल्या हिशेबात धरावे लागते. तरीही हाताने सरकवण्याची आठवण नेमकी घाईत राहून जाते, हे लक्षात घेता वारंवार प्रवास करणाऱ्यांना तो अधिक सोयीचा ठरतो. तिसऱ्या उपायात ट्रकऐवजी ट्रेलरचा पुढचा भाग बदलतात. वळण्याचा बिंदू खुंटीच्या मागे नेला जातो. अनेक नव्या ट्रेलरचे पुढचे कोपरे आत घेतलेले असल्याने काही जोड्यांना यांपैकी कशाचीच गरज पडत नाही. मात्र हे जाहिरातीवरून न ठरवता प्रत्यक्ष मोजून ठरवावे.

उभी मोकळीकही मोजावी लागते. हौद्याच्या कडा आणि ट्रेलरचा तळ यांच्यात साधारण १५ सेंमी अंतर हवे. खड्ड्यातून किंवा चढाच्या तोंडाशी जाताना ते कमी होते. अंतर वाढवण्यासाठी माथा फार उंच केला, तर ट्रेलर पुढून वर उचलला जाऊन त्याच्या मागच्या आसावर अधिक भार येतो.

बसवण्याच्या पद्धती

जुनी पद्धत म्हणजे हौद्यात दोन आडवे रूळ बोल्टने ट्रकच्या सांगाड्याला पक्के करून त्यांवर जोडणी बसवणे. ती स्वस्त व भक्कम आहे, पण जोडणी काढल्यावरही रूळ हौद्यात राहतात. अलीकडे अनेक मोठ्या पिकअपमध्ये कारखान्यातूनच हौद्याच्या तळाशी खाचा दिलेल्या असतात. जोडणी त्यांत अडकवता येते व काढल्यावर हौदा सपाट राहतो. नवा ट्रक घेणाऱ्याने ही सोय मागून घेणे हिताचे, कारण नंतर तसा बदल करणे खर्चिक असते. हौद्याच्या तळातील गोळ्याच्या खोबणीत बसणारी जोडणी हा आणखी एक पर्याय आहे.

या गोळ्याच्या जोडणीला 'गूझनेक' म्हणतात. ती मूळची शेतमालाच्या व जनावरांच्या ट्रेलरसाठी वापरात आली. निवासी ट्रेलरच्या खुंटीला लांब उभी नळी लावून तो थेट गोळ्यावर जोडण्याची साधने मिळतात. हौदा मोकळा राहत असल्याने ती लोकप्रिय आहेत. पण ओढ खाली हौद्याच्या तळाशी लागते आणि लांब नळीमुळे ट्रेलरच्या सांगाड्यावर तरफेचा ताण येतो. सांगाडा त्यासाठी आखलेला नसेल, तर सांधे तडकू शकतात. काही उत्पादक अशा वापरानंतर हमी नाकारतात, म्हणून खरेदीपूर्वी लेखी खुलासा घ्यावा.

माथा फक्त पुढे-मागे झुकणारा किंवा चारही दिशांना झुकणारा असतो. उंचसखल जागी जोडताना दुसरा सोयीचा. खुंटीला दोन्ही बाजूंनी वेढणारे दुहेरी जबडे एकेरी पकडीपेक्षा कमी खडखडतात.

जोडताना घ्यायची काळजी

ट्रेलर खूप उंच ठेवून ट्रक मागे घेतला, तर खुंटी जबड्यांच्या वर राहते आणि तरीही जोड झाल्यासारखे वाटते. ट्रक निघताच ट्रेलर हौद्याच्या कडांवर कोसळतो. म्हणून जबडे बंद झाल्याचे विजेरीने पाहून घेतात. मग ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीवर असतानाच, त्याचे ब्रेक लावून, ट्रक हळूच पुढे ओढून पाहतात. त्यानंतरच पाय वर घेतले जातात. मागचा फाळका ट्रक मागे घेण्यापूर्वी उघडावा लागतो. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी तार ट्रकच्या पक्क्या भागाला अडकवतात, जोडणीच्या दांड्याला नाही. जोडणीच निखळली तर त्या तारेचा उपयोग होणार नाही.

परवान्याचे नियम प्रदेशागणिक वेगळे आहेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ४,६०० किलोंपेक्षा जड निवासी ट्रेलर ओढण्यासाठी साध्या परवान्यावर वेगळी नोंद करून घ्यावी लागते.