प्लाझ्मा दूरचित्रवाणी संच

प्लाझ्मा दूरचित्रवाणी संच हा सपाट पडद्याच्या दूरचित्रवाणी संचाचा एक प्रकार आहे. याच्या पडद्यात काचेच्या दोन तबकड्यांच्या मध्ये वायूने भरलेले लाखो सूक्ष्म कप्पे असतात. वीजदाबामुळे कप्प्यातील वायू आयनीभूत होतो, म्हणजेच प्लाझ्मा अवस्थेत जातो, आणि त्यातून चित्र उमटवणारा प्रकाश मिळतो. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून २०१४च्या सुमारापर्यंत हे संच बाजारात होते. चित्रनलिकेवर आधारित पारंपरिक संचांपेक्षा ते बरेच पातळ असत व त्यांचा पडदा मोठा करता येत असे.

इतिहास

प्लाझ्मा पडद्याचा शोध १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि त्यांचे विद्यार्थी रॉबर्ट विल्सन यांनी लावला. हा पडदा दूरचित्रवाणीसाठी नव्हे, तर 'प्लेटो' या संगणकाधारित शिक्षणप्रणालीसाठी बनवला गेला होता. त्या काळी संगणकाची स्मृती अतिशय महाग होती आणि चित्रनलिकेवरील चित्र टिकवण्यासाठी ते सतत नव्याने रेखाटावे लागे. प्लाझ्मा पडद्यावरील कप्पा मात्र एकदा पेटवला की विझवेपर्यंत पेटलेला राहत असे. त्यामुळे चित्र साठवण्यासाठी वेगळ्या स्मृतीची गरज उरत नसे. हे सुरुवातीचे पडदे एकरंगी असून निऑन वायूमुळे नारिंगी दिसत.

रंगीत पडदा तयार होण्यास पुढे बराच काळ लागला. जपानच्या फुजित्सू कंपनीने १९९२ मध्ये २१ इंची रंगीत पडदा सादर केला. १९९७ च्या सुमारास ४२ इंची संच बाजारात आले. त्यांची किंमत हजारो अमेरिकी डॉलर असल्याने प्रारंभी त्यांचा वापर मुख्यतः कार्यालये, विमानतळ व प्रदर्शने येथे होत असे.

रचना व कार्य

प्लाझ्मा पडद्यातील प्रत्येक चित्रबिंदूसाठी (पिक्सेल) लाल, हिरवा व निळा असे तीन कप्पे असतात. ८५२ × ४८० चित्रबिंदूंच्या पडद्यात अशा कप्प्यांची संख्या १२ लाखांहून अधिक होते. कप्प्यांमध्ये प्रामुख्याने निऑन व झेनॉन वायूंचे मिश्रण असते. इलेक्ट्रोडांमधून वीजदाब दिल्यावर वायूतून अतिनील किरण बाहेर पडतात. हे किरण कप्प्याच्या आतील फॉस्फरच्या थरावर पडले की त्या त्या रंगाचा दृश्य प्रकाश निर्माण होतो. ट्यूबलाइटचे कार्यही याच तत्त्वावर चालते. कप्प्याची तेजस्विता विद्युत स्पंदांच्या संख्येवर ठरते. एका चित्रचौकटीच्या काळात स्पंद जितके अधिक, तितका कप्पा अधिक उजळ दिसतो.

चित्रनलिकेच्या संचांपेक्षा असलेले फायदे

पारंपरिक संचात नलिकेच्या मागील टोकाकडून येणारे इलेक्ट्रॉनांचे झोत चुंबकीय वेटोळ्यांच्या साहाय्याने वळवून संपूर्ण पडद्यावर फिरवले जातात. प्लाझ्मा पडद्यात प्रत्येक कप्पा जागच्या जागी प्रकाश निर्माण करतो. पुढील बहुतेक फायदे या एका फरकातून निर्माण झाले आहेत.

जाडी व वजन: झोत पडद्याच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी नलिकेला खोली लागते. पडदा मोठा झाला की खोलीही वाढते. नलिका निर्वात असल्याने वातावरणाचा दाब सोसण्यासाठी तिची काच जाड ठेवावी लागते. प्लाझ्माच्या दोन तबकड्यांना कप्प्यांच्या भिंतींचा आतून आधार मिळतो व पडद्याच्या आकारानुसार जाडी फारशी वाढत नाही. त्यामुळे संच भिंतीवर टांगणे शक्य झाले.

आकार: घरगुती चित्रनलिका ४० इंचांच्या आसपास येऊन थांबल्या. प्लाझ्मा संच ५० व ६० इंचांचे सर्रास मिळू लागले. पॅनासॉनिकने २००८ मध्ये १५० इंची पडदा प्रदर्शित केला.

आकृतीची अचूकता: झोत वळवताना कडांजवळच्या सरळ रेषा वाकड्या दिसणे किंवा तीन रंगांचे झोत नेमके एकत्र न येणे हे दोष चित्रनलिकेत संभवतात. प्लाझ्मा पडद्यावर कप्प्यांच्या जागा निश्चित असल्याने ते उद्भवत नाहीत. ध्वनिक्षेपकाचे चुंबक जवळ ठेवल्यास चित्रनलिकेचे रंग बिघडतात, तसेही येथे घडत नाही.

सलग चित्र: भारतात वापरल्या गेलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत पारंपरिक संच विषम व सम रेषा आळीपाळीने रेखाटतो. बहुतेक प्लाझ्मा संच सर्व रेषा एकत्र दाखवतात, त्यामुळे रेषांची थरथर कमी जाणवते.

चित्रनलिकेचे गुणही प्लाझ्माने बऱ्याच अंशी राखले. दोन्हींमध्ये पडदा स्वतः प्रकाशमान होत असल्याने बाजूने पाहतानाही रंग फारसे बदलत नाहीत व वेगवान हालचाली स्पष्ट दिसतात. या बाबतीत तत्कालीन एलसीडी संच मागे होते.

मर्यादा

प्लाझ्माचे दोषही त्याच्या रचनेतूनच आले. एखाद्या वाहिनीचे बोधचिन्ह दीर्घकाळ एकाच जागी राहिल्यास तेथील फॉस्फर अधिक झिजतो व चिन्हाचा पुसट ठसा पडद्यावर उरतो. हा दोष चित्रनलिकेतही होता. उजळ चित्र दाखवताना बहुसंख्य कप्पे पेटत असल्याने विजेचा खप व उष्णता वाढते. भरपूर उजेडाच्या खोलीत चित्र फिके दिसते. अतिउंच प्रदेशात हवेचा दाब कमी असल्याने काही संचांतून गुणगुण ऐकू येते. सूक्ष्म कप्पे बनवणे अवघड असल्याने लहान आकाराचे संच परवडत नसत. शिवाय साध्या प्रक्षेपणातील चित्राचा ओबडधोबडपणा मोठ्या पडद्यावर अधिक उघडा पडत असे.

ऱ्हास

एलसीडी संच लहान आकारांतही बनवता येत असल्याने त्यांचे उत्पादन झपाट्याने वाढले व किमती उतरल्या. ते वजनाने हलके, अधिक उजळ आणि कमी वीज वापरणारे होते. गडद काळ्या रंगासाठी नावाजलेली 'कुरो' ही मालिका बनवणाऱ्या पायोनियर कंपनीने २००९ मध्ये दूरचित्रवाणी संचांच्या व्यवसायातून बाहेर पडण्याचे जाहीर केले. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस प्लाझ्मा पडद्यांचे उत्पादन थांबवले आणि २०१४ मध्ये सॅमसंग व एलजी यांनीही ते बंद करण्याचे जाहीर केले. प्रत्येक चित्रबिंदूने स्वतः प्रकाश द्यावा हे तत्त्व पुढे ओएलईडी पडद्यांमध्ये वेगळ्या पदार्थांच्या साहाय्याने वापरात आले.