लव्हेंडर : वनस्पती, वर्ण आणि शब्द

प्रथम संज्ञा निश्चित करू. या विवेचनात ‘प्रजाती’ म्हणजे वनस्पतींचा व्यापक गट आणि ‘जाती’ म्हणजे त्या गटातील एकेक घटक. ‘वर्ण’ म्हणजे डोळ्यांना प्रतीत होणारा रंग. ‘रंजक’ म्हणजे तो वर्ण उत्पन्न करणारे द्रव्य. ‘तेल’ असे जेथे म्हटले आहे तेथे सर्वत्र बाष्पनशील सुगंधी तेल समजावे. ‘लव्हेंडर’ या एका नावाने वनस्पती, वर्ण आणि शब्द अशा तीन पदार्थांचा व्यवहार होतो. गंध हा चौथा पदार्थ स्वतंत्र मोजलेला नाही. परंतु पहिल्या तिघांचा परस्परसंबंध त्याच्याच द्वारे जुळतो व त्याच्याच द्वारे तुटतो, हे पुढे दिसेल.

लोकव्यवहारात लव्हेंडरचे जे लक्षण गृहीत धरलेले असते ते असे : जांभळ्या फुलांची, सुगंधी, युरोपातील वनस्पती. नैयायिकांनी लक्षणाचे तीन दोष सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. प्रस्तुत लक्षणात असंभव नाही, पण उरलेले दोन्ही दोष आहेत. हिसॉप व साल्व्हियाच्या काही जाती जांभळ्या फुलांच्या, सुगंधी आणि युरोपीय आहेत, तरी त्या लव्हेंडर नव्हेत, ही अतिव्याप्ती. अव्याप्ती अधिक महत्त्वाची आहे, कारण ती लक्षणातील दोन घटकांना स्वतंत्रपणे लागू पडते. खऱ्या लव्हेंडरचेच पांढऱ्या व गुलाबी फुलांचे वाण उद्यानांत लावले जातात, म्हणून ‘जांभळ्या फुलांची’ हे विशेषण गळते. ‘युरोपातील’ हे विशेषण का गळते, ते पाहण्यासाठी प्रजातीचा विस्तार पाहिला पाहिजे.

तुळशीच्या कुलातील लॅव्हॅन्ड्युला ही प्रजाती सुमारे ४० ते ५० जातींची मानली जाते. तिचा प्रदेश अटलांटिक महासागरातील कॅनरी व केप व्हर्दे बेटांपासून भूमध्य समुद्राचा परिसर, उत्तर आफ्रिका व अरबस्तान यांतून भारतीय द्वीपकल्पापर्यंत पसरलेला आहे. या प्रदेशाच्या पूर्व टोकाला, म्हणजे दख्खन व सह्याद्रीत, तिच्या दोन जाती नैसर्गिकपणे वाढतात : लॅव्हॅन्ड्युला बायपिनाटा व लॅव्हॅन्ड्युला गिब्सोनी. दुसरीच्या नावातील गिब्सन म्हणजे पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पती उद्यानाचे अधीक्षक व नंतर मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले अलेक्झांडर गिब्सन. नाव देणारे जॉन ग्रॅहॅम. त्यांनी केलेली मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची १८३९ साली प्रसिद्ध झाली. पहिल्या जातीला ‘घोडेघुई’ असे मराठी नाव आहे. तिची पाने पिसासारखी विभागलेली व फुले पांढरट ते फिकट निळी असतात. प्रजातीचे शास्त्रीय लक्षण या दोन्ही जातींना पूर्णपणे लागू पडते. लौकिक लक्षण मात्र एकीलाही लागू पडत नाही.

आता व्यापारी वनस्पतीचा विचार. बाजारातील तेल मुख्यतः तीन उगमांतून येते. (१) लॅव्हॅन्ड्युला अँगुस्टिफोलिया, म्हणजे अरुंद पानांचे खरे लव्हेंडर. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात ते उंच, कोरड्या, चुनखडीच्या उतारांवर वाढते. (२) लॅव्हॅन्ड्युला लॅटिफोलिया, म्हणजे रुंद पानांचे; ते त्याच प्रदेशात कमी उंचीवर वाढते. (३) या दोहोंचा संकर, लॅव्हँडिन. लिनीअसने १७५३ साली पहिल्या दोघांना ‘लॅव्हॅन्ड्युला स्पायका’ या एकाच नावाखाली ठेवले. फिलिप मिलरने १७६८ साली अरुंद पानांच्या जातीला पृथक नाव दिले. तरीही ‘स्पायका’ हे नाव कोणी एकीसाठी, कोणी दुसरीसाठी वापरीत राहिले, आणि गोंधळ इतका वाढला की अखेर वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते नाव त्याज्य ठरवले. नाव चुकीचे असते तर दुरुस्त करता आले असते. संदिग्ध असल्यामुळे ते टाकावे लागले.

लॅव्हँडिनकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे, कारण सामान्य ग्राहक लव्हेंडर म्हणून ज्याचा वास घेतो ते बहुधा हेच असते. मधल्या उंचीवर, जेथे दोन्ही जातींचे प्रदेश एकमेकांत मिसळतात, तेथे मधमाश्यांच्या परागवहनाने हा संकर निसर्गतः उत्पन्न होतो. तो वंध्य आहे. बी धरत नाही. परिणामी त्याची वाढ केवळ छाट कलमांनी होते, आणि एका वाणाच्या शेतातील सर्व झुडपे आनुवंशिक दृष्ट्या एकच व्यक्ती असतात. रांगेतील झुडपे सारख्या उंचीची, सारख्या गोलाईची व एकाच वेळी फुलणारी दिसतात, त्याचे एक मोठे कारण हेच. व्हालांसोलच्या पठारावरील ज्या जांभळ्या रांगांची छायाचित्रे जगभर फिरतात, त्या बव्हंशी या वंध्य संकराच्या आहेत. बियांपासून वाढलेल्या खऱ्या लव्हेंडरचे शेत तुलनेने विस्कळीत दिसते : एक झुडूप गडद, एक फिकट, एक आठवडाभर मागे राहिलेले. छायाचित्रकाराला ते रुचत नाही. सुगंधतज्ज्ञ त्यालाच अधिक मोल देतो.

या मोलाचे कारण रासायनिक आहे. खऱ्या लव्हेंडरच्या तेलात लिनालूल आणि लिनालिल अ‍ॅसिटेट ही दोन द्रव्ये प्रधान असतात व कापूर अत्यल्प. रुंद पानांच्या जातीत कापूर व सिनिओल यांचे प्राबल्य असते. सिनिओल म्हणजे निलगिरीच्या तेलातील मुख्य द्रव्य. लॅव्हँडिनला दोन्ही जनकांचा वारसा मिळतो, आणि ‘ग्रोसो’ या त्याच्या सर्वाधिक प्रसृत वाणात कापूर ६ ते ८ टक्क्यांच्या घरात असतो. मात्र हेक्टरी तेल खऱ्या लव्हेंडरच्या कित्येक पट मिळते. यावरून उपयोगाचा विभाग सरळ निष्पन्न होतो : उत्तम अत्तरात पहिले, साबण व धुण्याच्या द्रव्यांत तिसरे. फ्रान्सने १९८१ साली ‘ओत-प्रोव्हान्सचे लव्हेंडर तेल’ या नावाला उगमस्थानाचे कायदेशीर संरक्षण दिले, ते पहिल्यासाठी; लॅव्हँडिनला त्यात स्थान नाही.

येथपर्यंत तेल हा वनस्पतीचा अंश मानला. आता ते वनस्पतीत नेमके कोठे असते व वर्ण कोठे असतो, हे पृथक पाहावे. फुलाच्या तळाशी नळीसारखे जे बाह्य आवरण असते त्यास संवर्त म्हणतात. संवर्तावर उभे कंगोरे असतात व त्यांच्या खोबणींत सूक्ष्म प्रपिंड असतात. तेल या प्रपिंडांत साठते. वर्ण मात्र पेशीरसात विरघळलेल्या अँथोसायनिन गटातील रंजकांमुळे येतो. पाकळ्या लवकर कोमेजून तपकिरी होतात. वाळलेल्या तुऱ्यात जो करडा-जांभळा वर्ण टिकतो तो संवर्ताचा. तेव्हा गंध व वर्ण एकाच अवयवात असूनही त्यांची द्रव्ये भिन्न आहेत आणि त्यांचे स्वभावही भिन्न आहेत : तेल वाफेबरोबर उडते, अँथोसायनिन उडत नाही. ऊर्ध्वपातनाच्या भांड्यातून वाफ जाऊ लागली की गंध वर जातो, रंजक खाली चोथ्यात राहते. वरून जे तेल मिळते ते रंगहीन किंवा फिकट पिवळे असते. म्हणून लव्हेंडर नावाचे प्रत्येक जांभळे द्रव, मग ते फरशी पुसण्याचे असो की कपडे मऊ करण्याचे, वेगळा रंग मिसळून जांभळे केलेले असते. त्यातील गंधही पुष्कळदा कृत्रिम लिनालूलचा असतो. वनस्पतीने जे एकत्र ठेवले होते ते ऊर्ध्वपातनाने वेगळे केले, आणि कारखान्याने वनस्पतीला वगळून पुन्हा जुळवले. या पुनर्मीलनाचा आधार केवळ नाव आहे.

वर्णाचे विवेचन थोडक्यात आटोपता येते. कोणताही वर्ण छटा, संपृक्तता व तेजस्विता या तीन परिमाणांनी निश्चित होतो. पडद्यावरील रंगांच्या प्रमाणित सूचीत ‘लव्हेंडर’ या नावापुढे लाल २३०, हिरवा २३०, निळा २५० असे मूल्य आहे. लाल व हिरवा समान असल्याने ही छटा शुद्ध निळ्याची ठरते, जांभळ्याची नव्हे. आणि संपृक्तता इतकी अल्प आहे की तिला निळसर पांढरा म्हणणे अधिक यथार्थ होईल. शेतातील तुरा याहून कितीतरी गडद व लालीकडे झुकणारा असतो. ज्या वर्णाला वनस्पतीने नाव दिले तो वर्ण प्रमाणित होताना वनस्पतीपासूनच दूर गेला.

शब्दाकडे वळताना शब्दशक्तींची परंपरागत विभागणी उपयोगी पडते. इंग्रजीत या शब्दाचा वाच्यार्थ वनस्पती आहे. वर्ण हा लक्ष्यार्थ, कारण तो वनस्पतीच्या संबंधाने प्राप्त होतो. व्युत्पत्ती दोन सांगितल्या जातात. पहिली लॅटिनमधील ‘धुणे’ या अर्थाच्या ‘लावारे’ या धातूपासून. दुसरी ‘निळसर’ या अर्थाच्या ‘लिविदुस’पासून, कारण मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘लिवेंदुला’ असे जुने रूप सापडते. दुसरी खरी मानल्यास वर्ण आधी व वनस्पतीचे नाव नंतर असा क्रम होतो, आणि धुण्याचा संबंध मागाहून चिकटलेला ठरतो. मला दुसरी अधिक संभाव्य वाटते; अपरिचित नावाला परिचित क्रियेशी जोडणे ही लोकभाषेची नित्याची रीत आहे. त्याज्य ठरलेल्या ‘स्पायका’चा उगम वेगळा : तो ‘कणीस’ या अर्थाचा शब्द असून नार्दच्या कणसाशी निगडित आहे, आणि नार्द म्हणजे जटामांसी, जिचे संस्कृत नाव ‘नलद’ यावरून ग्रीक ‘नार्दोस’ आल्याचे सामान्यतः मानले जाते.

व्यंग्यार्थ देशकालानुसार बदलले. व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमध्ये काळा पोशाख उतरवलेल्या विधवेला अर्धशोकाच्या अवस्थेत करडा व लव्हेंडर हे वर्ण विहित होते. अमेरिकेत विसाव्या शतकात हाच वर्ण समलिंगी व्यक्तींचा सूचक झाला. १९५३ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या १०४५० क्रमांकाच्या आदेशानंतर अशा व्यक्तींना संघीय सेवेतून काढण्याचे सत्र अधिक व्यापक झाले. डेव्हिड जॉन्सन यांच्या २००४च्या ग्रंथामुळे ते ‘लव्हेंडर स्केअर’ या नावाने ओळखले जाऊ लागले. १९७० साली न्यूयॉर्कमधील स्त्रीवादी परिषदेत समलिंगी स्त्रियांच्या गटाने ‘लव्हेंडर मेनेस’ हा हेटाळणीचा शब्द स्वतःच अंगावर मिरवला. येथे वनस्पतीचा संबंध जवळजवळ संपलेला आहे.

मराठीत अर्थांचा क्रम उलटा आहे. हा शब्द आपल्याकडे साबण, टाल्कम पावडर व अत्तराच्या बाटलीवरून आला, पुढे साडीच्या दुकानात वर्णवाचक झाला. वनस्पती बहुतेकांच्या अनुभवात शेवटी आली, तीही चित्रातून. भारतात तिची मोठी लागवड जम्मूतील दोडा जिल्ह्यात, विशेषतः भद्रवाह परिसरात, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनमधून वाढली. मक्याच्या तुलनेत अधिक उत्पन्न मिळाल्याने लहान शेतकरी तिकडे वळले. या बदलाला ‘जांभळी क्रांती’ असे नाव पडले. ज्या तेलासाठी तो घडला ते फिकट पिवळे असते.