गिरिस्थानाची वाट आणि नातीचा प्रश्न

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की आपल्या ज्ञातीतील अनेक घरांतून महाबळेश्वरचे बेत सुरू होतात. थंड हवा, घोड्यावरची रपेट आणि स्ट्रॉबेरी यांपलीकडे त्या गिरिस्थानास काही इतिहास आहे, याचे स्मरण फार थोड्यांस असते. आम्हीही त्यांतलेच होतो, हे प्रथमच कबूल करतो.

दोन वर्षांपूर्वी नऊ वर्षांची नात व सहा वर्षांचा नातू यांस घेऊन आम्ही त्या वाटेस लागलो. पसरणीच्या घाटातील वळणांनी मुलांस मळमळते, म्हणून आदल्या दिवशी वाईस मुक्काम केला. कृष्णाकाठचे ढोल्या गणपतीचे देऊळ रास्ते घराण्यातील गणपतराव भिकाजी यांनी १७६२ मध्ये बांधविले. त्याची मागील भिंत मत्स्याकार आहे. पुराचे पाणी तिच्यावर आदळून दोहों बाजूंस दुभंगावे, अशी ती योजना. एवढे सांगताच नातवाने ओल्या वाळूत तसा आकार केला आणि त्यावर तांब्याने पाणी ओतून पाहिले. मुलांस इतिहास हातांनी समजतो, याचा प्रत्यय आम्हांस तेथे आला.

दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरी लॉडविक पॉइंटवरील स्तंभापाशी उभे असता नातीने विचारले, "आजोबा, हे कोण?" आम्ही उत्तर दिले की, १८२४ मध्ये हा डोंगर चढून आलेले हे इंग्रज लष्करी अधिकारी. त्यावर ती म्हणाली, "मग त्यांच्या आधी हा डोंगर कोणाचा होता? आणि त्यांना तो का दिला?"

समोर प्रतापगड दिसत होता. १६५६ मध्ये मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली उभारलेला तो गड आणि १० नोव्हेंबर १६५९ चा अफझलखानाचा प्रसंग आम्ही तत्काळ रंगवून सांगितला. परंतु तो तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, हे तिलाही कळले आणि आम्हांसही. पराक्रमाचे पान आम्हांस पाठ होते. पुढची पाने आम्ही कधी उघडलीच नव्हती.

घरी परतल्यावर ग्रंथ काढून बसलो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांस साताऱ्याच्या गादीवर बसविले खरे. पण सत्तेची सूत्रे स्वतःच्याच हाती ठेविली. आजारी गोऱ्या शिपायांस व अधिकाऱ्यांस थंड हवेचे आरोग्यस्थान हवे, म्हणून मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी हा डोंगर मागितला. १८२९ च्या तहाने महाराजांनी तो दिला व मोबदल्यात खंडाळे गाव घेतले. नव्या पेठेस माल्कमपेठ हे नाव पडले. कृष्णेच्या उगमाचे क्षेत्र मात्र तेथे त्यापूर्वीपासूनच होते. पुढे दहा वर्षांनी, १८३९ मध्ये, त्याच इंग्रजांनी महाराजांस पदच्युत करून काशीस धाडिले. १८४७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला आणि १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाले.

हे सर्व आम्ही नातीस पत्राने कळविले. उशिरा दिलेले उत्तर न दिलेल्या उत्तरापेक्षा बरे, एवढेच समाधान. तिचे एका ओळीचे उत्तर आले: "मग ते खंडाळे कुठे आहे?"

आपल्या ज्ञातिबंधुभगिनींस आमची एवढीच विनंती आहे की, मुलांस घेऊन निघण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांनी त्या स्थळाविषयी चार पाने वाचावीत. दिवसास एकच स्थळ पाहावे. आणि मुलांच्या प्रश्नास ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही, शोधून सांगतो" असे निःसंकोच म्हणावे. विजयाची कथा सांगावी, तशीच गमावल्याचीही सांगावी. मुले ती ऐकून खचत नाहीत.

ते खंडाळे पुणे-सातारा रस्त्यावर आहे. आजवर कित्येकदा आम्ही त्यावरून न थांबता पुढे गेलो. येत्या सुटीत तेथे उतरण्याचे नातीस वचन दिले आहे.